लाखोळीची डाळ आणि कलायखंज : एका अन्नविषाच्या संशोधनाचा इतिहास

१. विषयप्रवेश

पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे धान पिकविणारे जिल्हे होत. या भागात धानाचे पीक बांधीत उभे असतानाच, कापणीच्या थोडे अगोदर, ओल्या चिखलात लाखोळीचे बी फेकून पेरण्याची जुनी पद्धत आहे. तीस उतेरा असे म्हणतात. या पिकास नांगरणी लागत नाही, खत लागत नाही, पाण्याची पाळीही लागत नाही. धान निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर ते वाढते आणि रब्बीत हाती येते. मराठीत लाख अथवा लाखोळी, हिंदीत खेसारी, मध्य प्रदेश व छत्तीसगडात तिवडा आणि वनस्पतिशास्त्राच्या परिभाषेत लॅथिरस सॅटिव्हस, ही सारी नावे एकाच कडधान्याची आहेत.

अन्न म्हणून या कडधान्याची योग्यता सामान्य नाही. भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची जी प्रमाण कोष्टके देशात दीर्घकाळ वापरली गेली, त्यांत तुरीच्या डाळीतील प्रथिनांचे प्रमाण शेकडा २२.३ आणि हरभऱ्याच्या डाळीतील २०.८ असे दिलेले असून लाखोळीच्या डाळीतील प्रमाण शेकडा २८.२ आहे. अवर्षणात हे पीक तगते आणि पाणी साचलेल्या जमिनीतही ते मरत नाही. इतर सर्व पिके बुडाली असता जे एक पीक हाती लागते ते हेच. तथापि हीच डाळ काही महिने अखंडपणे मुख्य अन्न होऊन राहिली, तर धडधाकट तरुणांचे पाय ताठरून कायमचे निकामी होतात. या रोगास मराठी वैद्यकीय लेखनात कलायखंज ही संज्ञा रूढ झाली असून पाश्चात्त्य वैद्यक त्यास लॅथिरिझम म्हणते.

या रोगाचा भारतातील तपशीलवार वृत्तांत १८३० नंतरच्या दशकातील आहे आणि त्यास कारण होणारे द्रव्य शुद्ध स्वरूपात हाती आले ते १९६० नंतरच्या दशकात. मध्यंतरीच्या सुमारे एकशेतीस वर्षांत या रोगाची कारणे अनेक सांगितली गेली, त्यांतील बहुतेक टाकून द्यावी लागली आणि रोगी मात्र वाढत राहिले. हा विलंब केवळ रसायनशास्त्राच्या अपुऱ्या साधनांमुळे झाला असे म्हणून भागत नाही. दाण्यात काय आहे हा एक प्रश्न, आणि तो दाणा कोणाच्या आहारात, किती काळ व कोणत्या कारणाने येतो हा दुसरा. या दोन प्रश्नांची ज्या ज्या वेळी फारकत झाली, त्या त्या वेळी संशोधनाची वाट चुकली. पुढे कायद्याच्या बाबतीतही तेच घडले. ही गोष्ट या संशोधनाच्या इतिहासावरूनच स्पष्ट करता येते.

२. जुने उल्लेख व त्यांची मर्यादा

सुश्रुतसंहितेत वातव्याधींच्या वर्णनात कलायखंज हा विकार येतो. चालू लागताना रोगी कापतो, लंगडत चालतो आणि त्याच्या सांध्यांची बंधने सैल झालेली असतात, असे त्याचे लक्षण सांगितले आहे. कलाय हे वाटाण्याच्या वर्गातील कडधान्याचे नाव आणि खंज म्हणजे लंगडा. कडधान्य व पांगळेपणा यांचा संबंध रोगाच्या नावातच आलेला आहे. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात त्रिपुट नामक धान्यामुळे खंजत्व व पंगुत्व येते असे म्हटले असून, हे त्रिपुट म्हणजेच लाखोळी असे सामान्यतः मानले जाते. हिप्पोक्राटीसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ग्रंथसंग्रहातही एनस येथे सतत कडधान्यावर राहिलेल्या स्त्रीपुरुषांच्या पायांतील शक्ती गेल्याचा उल्लेख सापडतो.

या उल्लेखांवर फार मोठा भार मात्र टाकता येत नाही. प्राचीन ग्रंथांतील धान्यनामे आजच्या एकेका जातीशी निश्चितपणे जुळविणे कठीण असते. यापेक्षा अधिक निश्चित पुरावा युरोपातील सतराव्या शतकाचा आहे. जर्मनीतील व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकने १६७१ मध्ये या दाण्याचे पीठ भाकरीत वापरण्यास मनाई केली. स्पेनमध्ये १८११-१२ च्या दुष्काळात माद्रिदची गरीब वस्ती याच पिठावर जगली, आणि फ्रान्सिस्को गोया या चित्रकाराने आपल्या युद्धविषयक चित्रमालिकेतील एका मुद्राचित्रात तो प्रसंग चितारला. त्या चित्राच्या शीर्षकात या कडधान्याचे आभार मानलेले आहेत, आणि चित्रातील एक स्त्री जमिनीवर आडवी पडलेली आहे. उपकार व अपकार एकाच धान्याचे, ही जाणीव शास्त्रीय संशोधनाच्या पूर्वीपासून लोकांत होती, एवढे यावरून निश्चितपणे म्हणता येते.

३. सागर आणि अलाहाबाद

ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्ध असलेले कर्नल विल्यम स्लीमन यांनी १८४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवर्णनात सागर प्रदेशातील काही खेड्यांचा वृत्तांत दिला आहे. १८२९ मध्ये गारपिटीने गहू व इतर रब्बी पिके नष्ट झाली. १८३० मध्ये वेळेवर पाऊस न झाल्याने पीक तुटीचे आले आणि १८३१ मध्ये ते तांबेऱ्याने गेले. या तिन्ही वर्षांत तिवडा मात्र सुरक्षित राहिला. १८३१ मध्ये गव्हाच्या नासलेल्या शेतांतून लोकांनी त्याचे भरघोस पीक काढले व त्या आणि पुढील वर्षांत त्याच दाण्यावर निर्वाह केला. १८३३ मध्ये परिणाम दिसू लागले. तिशीच्या आतील माणसांचे कमरेखालील अवयव एकाएकी निकामी होऊ लागले. १८३३ व १८३४ या दोन वर्षांत एका गावातील जवळजवळ निम्म्या तरुण मुलामुलींना हा रोग जडला. एकदा रोग जडलेला मनुष्य बरा झाल्याचे एकही उदाहरण गावकऱ्यांना ठाऊक नव्हते.

स्लीमन हे वैद्य नव्हते. तरीही त्यांच्या वृत्तांतात या रोगाची सर्व महत्त्वाची अंगे आलेली आहेत. लागोपाठची नापिकी, एकाच धान्यावर दीर्घकाळ निर्वाह, खाणे आणि रोग यांमधील कालांतर, तरुणांवरील आघात, केवळ पायांवर होणारा परिणाम आणि रोगाचे कायमपण, ही सर्व पुढील शतकातील वैद्यांनी पुन्हा पुन्हा नोंदविली. विशेष म्हणजे स्लीमन यांनी दाण्याचे वर्णन नापिकीच्या वर्णनापासून वेगळे केलेले नाही. त्यांच्या लेखी ती एकच हकीकत होती.

यानंतरचा महत्त्वाचा साक्षीदार म्हणजे अलाहाबाद येथील सिव्हिल सर्जन जेम्स आयर्व्हिंग. यमुनेच्या दक्षिणेकडील बारा परगण्यात कमरेखाली पांगळे झालेल्या माणसांची संख्या विलक्षण असल्याचे त्यांच्या ध्यानी आले. १८६० च्या आगेमागे त्यांनी या रोगाविषयी वैद्यकीय नियतकालिकांत लेख लिहिले. रोग मुख्यतः दरिद्री लोकांत आहे आणि खेसारीची भाकरी हे त्याचे कारण आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा निष्कर्ष त्या परगण्यातील लोकांना नवीन नव्हता. खेसारीने पाय जातात हे तेथील शेतकरी जाणून होते. जाणूनही ते ती खात होते, कारण दुसरे काही खाण्यास नव्हते.

१८७३ मध्ये नेपल्स येथील वैद्य आर्नाल्डो कांतानी यांनी इटलीतील रोग्यांवरून या विकारास वनस्पतीच्या प्रजातीवरून लॅथिरिझम हे नाव दिले. नाव मिळाल्याने रोग पाठ्यपुस्तकांत स्थिर झाला. परंतु ज्या प्रजातीवरून ते दिले गेले तिच्यात शंभराहून अधिक जाती आहेत. या एका गोष्टीने पुढे किती घोटाळा केला ते योग्य स्थळी येईल.

४. मजुरीतील धान्य

विसाव्या शतकाच्या आरंभी या रोगाचे सर्वांत मोठे क्षेत्र म्हणून मध्य भारतातील रेवा संस्थान पुढे आले. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयातील ह्यू अ‍ॅक्टन यांनी १९२२ मध्ये या रोगाच्या कारणांविषयीचे आपले संशोधन प्रसिद्ध केले. रोगाच्या तीव्रतेचे त्यांनी केलेले वर्गीकरण आजही वापरले जाते. काठीवाचून परंतु अडखळत चालणारा, एका काठीच्या आधाराने चालणारा, दोन काठ्यांच्या आधाराने चालणारा आणि शेवटी हातांवर शरीर ओढत सरपटणारा, अशा त्याच्या चार अवस्था आहेत. या वर्गीकरणास कोणतेही उपकरण लागत नाही. खेड्यात बसून कोणासही ते लावता येते, आणि म्हणूनच पुढील सर्व पाहण्यांना त्याचा उपयोग झाला.

रेव्यातील रोग हा केवळ दुष्काळाचा रोग नव्हता, ही बाब येथे ध्यानात घेतली पाहिजे. दुष्काळात तो उफाळत असे, परंतु बरी पिके आलेल्या वर्षीही तो पूर्णपणे थांबत नसे. याचे कारण मजुरीच्या पद्धतीत होते. कर्जाने बांधल्या गेलेल्या शेतमजुरास जमीनमालक मजुरी धान्यरूपाने देई, आणि हे धान्य बहुधा खेसारी अथवा खेसारीचे मिश्रण असे. गहू व हरभरा बाजारात जात. मजुराच्या घरी येणाऱ्या धान्याची निवड तो मजूर करीत नसे. १९६४ मध्ये रेवा जिल्ह्यातील रोगाची जी रोगपरिस्थितिविषयक पाहणी एम. पी. द्विवेदी व बी. जी. प्रसाद यांनी प्रसिद्ध केली, तीत रोग व आहारातील खेसारीचे प्रमाण यांचा संबंध तपासला गेला. अशा पाहण्यांवरून पुढे जे सामान्य अनुमान रूढ झाले ते असे : आहाराचा सुमारे तिसरा हिस्सा वा त्याहून अधिक भाग या डाळीचा असेल आणि हा क्रम दोन-तीन महिने वा अधिक चालू राहील, तर धोका उत्पन्न होतो. इतर धान्यांबरोबर अल्प प्रमाणात खाणाऱ्यांस सहसा काही होत नाही.

विषाची मात्रा ही येथे शरीरशास्त्राची बाब आहे, परंतु ती ठरविणारा घटक म्हणजे मजुरीचा करार होय. जमीनमालकाच्या घरातही हीच डाळ असे, पण ती वरणापुरती. मजुराच्या घरी तिची भाकरी होई. विष तेच, रोग मात्र एकाच घरी.

५. प्रयोगशाळेतील तीन चकवे

प्रयोगशाळांत या काळी जे चालले होते ते वेगळ्या दिशेने जात होते. रोग प्राण्यांत उत्पन्न करून दाखविल्यावाचून दाण्याचा दोष सिद्ध झाला असे मानावयाचे नाही, हा त्या काळच्या संशोधनाचा दंडक होता व तो रास्तही होता. अडचण एवढीच होती की, प्राण्यांना लाखोळी खाऊ घालून माणसासारखा रोग सहजी उत्पन्न होत नसे.

पहिला चकवा भेसळीचा. १९२५ मध्ये एल. ए. पी. अँडरसन, अल्बर्ट हॉवर्ड व जे. एल. सायमनसेन यांनी असे दाखविले की, बाजारातील खेसारीत अकटा नावाच्या तणाचे बी मिसळलेले असते. हे तण विसिया सॅटिव्हा या जातीचे. निवडलेली शुद्ध खेसारी प्राण्यांना बाधली नाही, परंतु अकट्याने बदके व माकडे यांच्यात विकार दिसले. प्रयोग काळजीपूर्वक केलेला होता आणि त्याचा प्रभाव दीर्घकाळ राहिला. खेसारी निर्दोष असून दोष तणाचा आहे, या मताचा व्यावहारिक अर्थ असा होता की, धान्य निवडून खाल्ले म्हणजे झाले. परंतु अकट्याने बदकांत उत्पन्न होणारा विकार आणि रेव्यातील मजुराचा ताठर पांगळेपणा हे एक नव्हेत, आणि केवळ अकट्याच्या मिश्रणाने माणसातील रोगाचा उलगडा होत नाही, असे पुढे दिसून आले.

दुसरा चकवा उणिवेचा. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत जीवनसत्त्वांच्या शोधाने आहारशास्त्राचा सारा दृष्टिकोन बदलून गेला होता. बेरीबेरी, स्कर्व्ही, मुडदूस हे रोग अन्नात काही असल्याने नव्हे, तर काही नसल्याने होतात हे सिद्ध झाले होते. या यशाच्या प्रकाशात कलायखंजाचाही विचार होऊ लागला. एडवर्ड मेलनबी यांनी १९३० नंतर जीवनसत्त्व ‘अ’ च्या अभावाशी या रोगाचा संबंध जोडला. कारणाचा एक भाग म्हणून आहारातील उणीव विचारात घेणे चुकीचे नव्हते, परंतु संपूर्ण कारण म्हणून ती पुरी पडली नाही. त्याच दरिद्री आहारावर असलेल्या, पण खेसारी न खाणाऱ्या खेड्यांत हा रोग नव्हता.

तिसरा चकवा नावाचा होता. १९३३ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी बागेतील सुवासिक मटराचे, म्हणजे लॅथिरस ओडोरॅटस या जातीचे, बी उंदरांना खाऊ घातले. उंदरांच्या हाडांत व पाठीच्या कण्यात मोठी विकृती उत्पन्न झाली. प्रजातीचे नाव तेच असल्याने या विकृतीसही लॅथिरिझम म्हटले गेले आणि अनेक वर्षे तीच माणसातील रोगाची प्रतिकृती मानली गेली. १९५४-५५ च्या सुमारास या विकृतीस कारण होणारे द्रव्य वेगळे करण्यात आले. ते संयोजी ऊतकांतील कोलॅजेनच्या घडणीत बिघाड करते. कोलॅजेनच्या अभ्यासास त्याचा पुढे पुष्कळ उपयोग झाला. परंतु ते द्रव्य लाखोळीच्या दाण्यात नसते आणि कलायखंज हा हाडांचा रोगही नव्हे. तो मज्जारज्जूतील चेतामार्गांचा रोग आहे. एका नावाखाली दोन रोग एकत्र आल्याने दोन दशकांचे परिश्रम दुसऱ्याच रोगाच्या उलगड्यास लागले.

या तिन्ही प्रसंगांतील संशोधक निष्काळजी नव्हते. प्रत्येकाने आपल्या प्रयोगातून एक खरी गोष्ट शोधून काढली. परंतु ती गोष्ट खेड्यातील रोग्याच्या आहाराशी पुन्हा ताडून पाहण्याचे काम मागे राहिले.

६. वापनियार्का

माणसाच्या बाबतीत जो प्रयोग कोणीही करू धजला नसता, तो दुसऱ्या महायुद्धात एका छळछावणीत घडला. रुमानियाच्या ताब्यातील युक्रेनच्या प्रदेशात वापनियार्का येथे १९४२ च्या सप्टेंबरात सुमारे बाराशे ज्यू बंदी आणले गेले. त्यांना रोज सुमारे ४०० ग्रॅम लाखोळीचे दाणे शिजवून दिले जात, आणि त्याखेरीज थोडी भाकरी मिळे. हे दाणे जनावरांच्या चाऱ्यासाठी साठविलेले होते. काही महिन्यांतच शेकडो माणसांचे पाय लुळे पडू लागले.

बंद्यांमध्ये चेर्नोव्हित्स येथील डॉ. आर्थर केसलर हे होते. त्यांनी रोग ओळखला, त्याचे कारण आहारात आहे हे जाणले आणि सहबंद्यांना तसे सांगितले. बंद्यांनी ते अन्न नाकारले. १९४३ च्या आरंभी लाखोळी देणे बंद झाले आणि नवे रोगी होणे थांबले. जे पांगळे झाले ते तसेच राहिले. केसलर यांनी आपली निरीक्षणे १९४७ मध्ये प्रसिद्ध केली व पुढे इस्रायलमध्ये या रोग्यांवर अनेक वर्षे लक्ष ठेवले.

शास्त्रीय दृष्टीने या घटनेने एक वाद संपविला. येथे रोगी पूर्वी निरोगी होते, आहार सर्वांचा एक होता, आरंभाची तारीख ठाऊक होती आणि अन्न बंद होताच रोगाचा प्रसार थांबला होता. परंतु या घटनेचा दुसरा अर्थही तितकाच महत्त्वाचा आहे. विष दाण्यात होते हे खरे. पण त्याची प्राणघातक मात्रा दाण्याने ठरविलेली नव्हती. ती ज्यांनी दुसरे अन्न नाकारले त्यांनी ठरविली होती. रेव्यातील मजूर व वापनियार्कातील बंदी यांच्या स्थितीत फार मोठे अंतर आहे आणि ते पुसून टाकणे अनुचित होईल. आहाराची निवड स्वतःच्या हाती नसणे, एवढी एकच बाब दोघांना समान होती, आणि रोगास तेवढी पुरेशी झाली.

७. बंगळूर, दिल्ली आणि हैदराबाद

विषद्रव्याचा शोध शेवटी भारतीय प्रयोगशाळांत लागला. १९१८ मध्ये रॉबर्ट मॅककॅरिसन यांच्या बेरीबेरीविषयक चौकशीने कुन्नूर येथे आरंभ झालेली पोषण संशोधन प्रयोगशाळा १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हैदराबाद येथे आली होती. तेथे डी. एन. रॉय, व्ही. नागराजन व सी. गोपालन यांनी १९६३ मध्ये लाखोळीचा अर्क कोंबडीच्या पिलांना टोचून चेतासंस्थेची लक्षणे उत्पन्न करून दाखविली. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत एस. एल. एन. राव, पी. आर. आडिगा व पी. एस. शर्मा यांनी हे द्रव्य शुद्ध करून त्याची रासायनिक घडण १९६४ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षी दिल्ली विद्यापीठातील व्ही. व्ही. एस. मूर्ती, टी. आर. शेषाद्री व टी. ए. वेंकटसुब्रमण्यन यांनी स्वतंत्रपणे तेच द्रव्य शोधून काढल्याचे जाहीर केले. हे ऑक्झॅलिल-डायअमिनोप्रोपिऑनिक आम्ल होय. संक्षेपाने त्यास ओडॅप म्हणतात.

पूर्वीच्या प्राणिप्रयोगांना अपयश का आले याचा उलगडाही याच संशोधनातून झाला. कोंबडीच्या कोवळ्या पिलांना हे द्रव्य टोचले असता त्यांची मान वाकडी होऊन झटके येतात. प्रौढ प्राण्यांवर तोच प्रयोग केला असता काही होत नाही, कारण रक्तातून मेंदूकडे जाणाऱ्या द्रव्यांना अडविणारा पडदा प्रौढपणी पक्का झालेला असतो. हा अडथळा ओलांडून द्रव्य थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडले असता माकडांचे पाय लुळे पडतात, हे १९६७ मध्ये दाखविण्यात आले. पी. एस. स्पेन्सर व त्यांचे सहकारी, ज्यांत रेव्याचे द्विवेदीही होते, यांनी १९८६ मध्ये माकडांना लाखोळी व हे द्रव्य दीर्घकाळ खाऊ घालून रोगाच्या आरंभीच्या अवस्थेसारखी लक्षणे उत्पन्न केली. मेंदूत एका चेतापेशीकडून दुसरीकडे संदेश नेणारे ग्लुटामेट हे आम्ल आणि ओडॅप यांची घडण सारखी असल्याने ओडॅप त्याच ग्राहींवर बसून पेशींना अतिरेकी उत्तेजना देते आणि त्यांत पेशी मरतात, अशी या क्रियेची उपपत्ती आहे.

कारण कळताच उपायाचे संशोधन सुरू झाले. ओडॅप पाण्यात विरघळते. डाळ गरम पाण्यात काही तास भिजवून ते पाणी टाकून दिले, अथवा भरपूर पाण्यात उकळून पाणी निथळून काढले, तर विषाचा बराच मोठा भाग निघून जातो. ही साधी पद्धत हैदराबादच्या संशोधकांनी १९६६ मध्ये सुचविली. पाण्याबरोबर काही जीवनसत्त्वेही जातात आणि पाणी व सरपण यांचा खर्च वाढतो. ज्या वर्षी रोगाचा धोका सर्वाधिक, त्या दुष्काळाच्या वर्षी पाणी व सरपण यांचीच टंचाई असते, ही या उपायाची मर्यादा होय. दुसरा उपाय वाणनिवडीचा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने पुसा-२४ हा अल्पविष वाण १९७४ मध्ये दिला. पुढे रतन, आणि रायपूरच्या कृषी विद्यापीठाकडून प्रतीक व महातिवडा हे वाण आले. या वाणांत ओडॅपचे प्रमाण जुन्या स्थानिक वाणांपेक्षा पुष्कळच कमी असते. मात्र जमिनीतील ओल व जस्ताचे प्रमाण यांनुसारही ते कमीअधिक होते.

८. बंदीचा नियम

अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ मध्ये झाला. त्याखालील नियमांत १९६१ मध्ये खेसारी व तिच्यापासून केलेल्या पदार्थांच्या विक्रीस मनाई करणारी तरतूद आली. म्हणजे विषद्रव्य निश्चित होण्यापूर्वीच बंदी आली होती. केवळ रोगाच्या इतिहासाच्या आधारावर शासनाने हे पाऊल उचलले आणि सावधगिरी म्हणून ते असमर्थनीय म्हणता येत नाही. परंतु नियमाची अंमलबजावणी राज्यांच्या अधिसूचनेवर सोपविलेली होती. महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी ती लागू केली. ज्या मध्य प्रदेश, बिहार व पश्चिम बंगाल या राज्यांत पीक सर्वाधिक होते, तेथेच ती दीर्घकाळ लागू झाली नाही.

याहूनही मूलभूत अडचण नियमाच्या रोखात होती. नियमाचा रोख विक्रीवर होता. तुरीच्या डाळीत व बेसनात लाखोळी मिसळली जाते आणि शहरातील ग्राहक नकळत ती खातो, ही फसवणूक रोखण्यास नियमाचा उपयोग होता. पण शहरी ग्राहकाच्या आहाराचा तिसरा हिस्सा अशा भेसळीचा कधीच नसतो. ज्याच्या आहारात तो असतो तो मजूर ही डाळ बाजारातून विकत घेत नव्हता. ती त्यास मजुरीत मिळत होती अथवा त्याच्याच बांधीत पिकत होती. अन्ननिरीक्षकाने दुकानातून घेतलेल्या नमुन्यात ती कधी येणार नव्हती. ज्याला धोका कमी त्याला नियमाचे संरक्षण अधिक आणि ज्याला धोका अधिक त्याला जवळजवळ शून्य, असा हा प्रकार झाला. शिवाय धानाच्या पट्ट्यातील लहान शेतकऱ्याचे बिनखर्ची दुसरे पीक विक्रीस अयोग्य ठरले.

पुढील दशकांत मध्य भारतात नवे रोगी कमी होत गेले, हे निर्विवाद आहे. तथापि त्याचे श्रेय एका नियमास देणे धाडसाचे ठरेल. याच काळात ओलिताचे क्षेत्र वाढले, गहू सुलभ झाला, स्वस्त धान्याची दुकाने खेड्यांत गेली आणि १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली. विशेष अर्थपूर्ण गोष्ट ही की, जेथे बंदी लागू नव्हती व पीक चालूच होते तेथेही रोग ओसरला. मजुराच्या घरात दुसरे धान्य येताच खेसारी भाकरीतून पुन्हा वरणात गेली.

९. इथिओपिया व गोंदिया

हेच अनुमान उलट बाजूने इथिओपियात पडताळले गेले. १९९५ नंतरच्या काही वर्षांत तेथील उत्तरेकडील डेलांता-दाउंट भागात अवर्षणामागोमाग रोगाची मोठी साथ आली व दोन हजारांहून अधिक माणसे पांगळी झाली. हैलेयेसुस गेताहुन, फर्नांड लांबाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे घरोघरी जाऊन कोणी काय व कसे खाल्ले याची नोंद केली. भाजलेली वा नुसती उकडलेली लाखोळी खाणाऱ्यांत धोका अधिक आढळला, आणि डाळीत तृणधान्य मिसळणाऱ्यांत तो कमी आढळला. तृणधान्यांतून मिळणारी गंधकयुक्त अमिनो आम्ले लाखोळीत फार थोडी असतात. त्यांच्या अभावी चेतापेशींचे संरक्षण दुर्बल होते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. मेलनबी यांच्या पिढीने उणिवेचा जो विचार मांडला होता तो या निराळ्या रूपाने परत आला. विष आणि उणीव ही दोन परस्परविरोधी कारणे नसून एकाच आहाराच्या दोन बाजू आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले.

महाराष्ट्रातील स्थितीची पाहणी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी गोंदिया जिल्ह्यात केली व ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तेथे लाखोळी खाणे पूर्णपणे थांबलेले नव्हते, परंतु रोगाचे नवे रोगी आढळले नाहीत. विदर्भातून बंदीविरुद्ध जी दीर्घ चळवळ चालली, तिचाही मुख्य मुद्दा हाच होता की, पिढ्यान्‌पिढ्या मिश्र आहारात ही डाळ खाणाऱ्यांस ती बाधलेली नाही. २०१६ च्या आरंभी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीने रतन, प्रतीक व महातिवडा या तीन अल्पविष वाणांस अनुकूल मत दिले. या मतावर आक्षेपही घेतले गेले. अल्पविष वाण शेतात जुन्या वाणांशी मिसळत जातात आणि दुष्काळात लोक कोणत्या वाणाचे किती खातील यावर कोणाचेही नियंत्रण नसते, हे आक्षेप इतिहासाच्या दृष्टीने दुर्लक्षणीय नाहीत.

१०. निष्कर्ष

लाखोळी विषारी आहे काय, या प्रश्नास होय अथवा नाही असे उत्तर देण्याच्या प्रयत्नात संशोधनाची व शासनाची पुष्कळ वर्षे गेली. दाण्यात विष आहे, हे १९६४ पासून निश्चित आहे. ते माणसास पांगळे करील किंवा नाही हे मात्र त्या दाण्याबरोबर आणखी काय खाण्यास मिळते यावर अवलंबून आहे, आणि हे १८३३ मधील सागरच्या खेड्यांपासून इथिओपियापर्यंत प्रत्येक साथीने दाखविले आहे. अल्पविष वाण, भिजवण्याची पद्धत आणि विक्रीवरील नियंत्रण हे तिन्ही उपाय उपयुक्त आहेत, परंतु तिघांचाही विचार दाण्यापाशी सुरू होऊन दाण्यापाशीच संपतो. रोग प्रत्यक्षात हटला तो मजुरीची पद्धत बदलून दुसरे धान्य घरात आल्याने. म्हणून एखाद्या अन्नाची सुरक्षितता ठरविताना त्यातील द्रव्याचे प्रमाण मोजणे जेवढे आवश्यक आहे, तेवढेच ते अन्न कोणास टाळता येत नाही याची नोंद घेणे आवश्यक आहे. कलायखंजाच्या बाबतीत ही नोंद प्रथम एका प्रवाशाने केली आणि प्रयोगशाळेस तिच्याकडे परत येण्यास शतकाहून अधिक काळ लागला.